मालवणची बाजारपेठ: दुकानांचे दर्शनी भाग आणि पाट्या, पाडव्याआधी काय काय करता येईल?

पागोळी

नमस्कार मंडळी. आमचं दुकान मालवणच्या बाजारपेठेत आहे. आजेसासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा किराणा-भुसार होतं. आता कोकम, काजू, कुळथाचं पीठ, तिरफळं, मालवणी मसाला आणि खाजं विकतो. मधली बरीच वर्षं पेठ थंड होती. लोक होडीने किल्ला बघून यायचे आणि जेट्टीवरूनच तारकर्लीला निघून जायचे. गावातली माणसंही लग्नाचा बस्ता बांधायला कुडाळ-कणकवलीला जायला लागली. गेल्या दोन वर्षांत चित्र बदलतंय. आमच्या बाजूचे चार गाळे बंद होते, त्यातले तीन उघडले. एकात चहा-भजी आहे, एकात एक मुलगी सुती कपडे शिवून विकते, एकात मसाल्याची छोटी चक्की आहे. संध्याकाळी पुन्हा पायांचे आवाज ऐकू येतात, आणि ज्याने शुकशुकाट पाहिलाय त्यालाच कळेल ते ऐकून किती बरं वाटतं.

म्हणून आम्ही आठ दुकानदारांनी ठरवलंय की दिवाळी पाडव्याच्या आत आपापले दर्शनी भाग नीट करायचे. त्या दिवशी देव रामेश्वर आणि देव नारायण यांच्या पालख्या गावात निघतात, पेठेतून जातात, सगळं गाव रस्त्यावर असतं.

सुरुवात मी केली. मे महिन्यात दुकानावरचा एसीपीचा (दोन पातळ ॲल्युमिनियमच्या थरांमधे प्लॅस्टिक असलेला) पत्रा काढला. मागे फ्लेक्स निघाला, फ्लेक्सच्या मागे गंजून चाळण झालेला पत्र्याचा बोर्ड, आणि सगळ्यात आत लाकडी फळी. तिच्यावर तैलरंगाने रंगवलेलं, 'किराणा, भुसार व उकडा तांदूळ'. पांढरी अक्षरं, त्यांना उजवीकडे लाल सावली. 'भुसार' मधला उकार फळीच्या कडेपर्यंत खाली ओढून छान वळवलेला. सासूबाई बाहेर आल्या, पदराने फळी पुसली आणि तिथेच ओट्यावर बसून राहिल्या.

पण भिंतीची अवस्था वाईट आहे. एसीपीच्या मागे जांभ्याला बोट लावलं तर तांबडी माती हाताला येते. दुकानाच्या जुन्या फळ्याही सापडल्या, शटर बसवायच्या आधीच्या. प्रत्येकीवर डांबराने आकडा टाकलाय, म्हणजे रोज त्याच क्रमाने खाचेत बसवायच्या. सात नंबरची फळी नंतरची आहे, तिच्यावरचा आकडा वेगळ्या हाताचा दिसतो.

आता प्रश्न असे. भिंतीचं काय करावं? नवी पाटी कशाची करावी? इथल्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात काय टिकतं? मागच्या वेळी एका बोर्डवाल्याने स्टीलची अक्षरं म्हणून पैसे घेतले आणि पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक अक्षराखाली तांबडे ओघळ उतरले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून या वेळी सगळं समजून घेऊन करायचंय.

चिरेबंदी

ताई, आधी भिंत, मग पाटी. हा क्रम कृपा करून मोडू नका.

जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुन्या लोकांनी त्याला चुन्याचा गिलावा दिला, कारण चुन्यातून वाफ बाहेर पडते. आपण वरून सिमेंटचा गिलावा करतो आणि त्यावर प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट मारतो. पाणी आत अडकतं, क्षार वर येतात, रंगाला फुगे धरतात आणि पापुद्रे सुटतात. एसीपीने तर वाराच बंद केला होता. तुमच्या भिंतीने किती पावसाळे ओल्या अंगाने काढले असतील!

आता सुटी झालेली माती ताठ ब्रशने झाडून घ्या. तारेचा ब्रश नको, तो दगड खातो. भिंत पूर्ण वाळू द्या. ज्या चिऱ्याचा पुढचा भाग फार झिजलाय तो तेवढाच बदलता येतो, चिरेखाणीवर जुन्या मापाचा घडवून मिळतो. दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्यात भरा, सिमेंटमध्ये नको. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक असतं, त्यामुळे पुढे दरज शाबूत राहते आणि बाजूचा दगड झिजतो. शेवटचा हात चुन्याच्या रंगाचाच द्या. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल हे खरं आहे, पण घरचा माणूस शिडी लावून देऊ शकतो.

हे सगळं पावसाआधी किंवा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. श्रावणात चुना वाळत नाही. तुमच्या हातात दसरा ते पाडवा एवढेच दिवस आहेत, तेव्हा माणसं आत्ताच बोलून ठेवा.

फळ्या टाकू नका. शटर आहे तिथे राहू दे, पण दुकान उघडल्यावर त्याच फळ्या ओट्याच्या मागच्या भिंतीवर आकड्यांच्या क्रमाने लावता येतील.

घाटावरची

मी कोल्हापूरची, दर वर्षी मालवणला येणारी. गिऱ्हाईक म्हणून लिहिते.

तुमच्या पेठेत मला आमसुलं हवी होती. दोनदा त्याच दुकानासमोरून गेले आणि दिसलंच नाही. रस्ता अरुंद, त्यात दुचाक्या. चालताना माणूस समोर बघतो, खाली खड्डा बघतो, मान वर करून डोक्यावरची पाटी कुणी वाचत नाही. समोरच्या फूटभर ओट्यावर उभं राहिलं तरच ती दिसते. शेवटी अबोलीच्या वेण्या विकणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्या काय, तुमच्या मागेच." खरोखरच मी त्या दुकानाला पाठ करून उभी होते.

आणखी एक सांगते. पाटीवर आडनाव आणि 'अँड सन्स' मोठं असतं, आत काय मिळतं ते कुठेच नसतं. गावातल्या माणसाला आडनाव पुरतं, मला कसं कळणार की आत फणसपोळी आहे?

अक्षरपाटी

घाटावरची यांनी नेमकं दुखणं सांगितलं. मी रत्नागिरीत अक्षरांचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

भिंतीला समांतर पाटी रुंद रस्त्यासाठी असते. अरुंद पेठेत रस्त्याला आडवी, भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली छोटी पाटी लागते. दोन फूट बाय दीड फूट पुष्कळ झाली, दोन्ही बाजूंनी रंगवलेली. तिच्यावर नाव नको, माल लिहा. 'कोकम · काजू · खाजं', बस.

अक्षराच्या उंचीचा साधा हिशोब असा की दर दहा फूट अंतराला एक इंच. तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. पण हा हिशोब रोमन अक्षरांवरून आलाय. आपल्याकडे ते तीन इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचे. वरच्या वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालचे उकार यांना वेगळी जागा द्यायची. म्हणजे एका ओळीला पाच इंच तरी धरा. बहुतेक बोर्डवाले इथेच चुकतात. जागा कमी पडली की ओळी जवळ आणतात आणि 'कुळीथ' चा उकार खालच्या 'मिरची' च्या वेलांटीत घुसतो. मग दोन्ही शब्द वाचता येत नाहीत.

दुसरं, माझ्या जिव्हाळ्याचं. संगणकावर टंक (फॉन्ट) निवडला की बरेचदा हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात. आपला 'ल' पाकळीचा, आपला 'श' देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या मराठी वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. चांगल्या युनिकोड टंकांमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी लागते. आपल्या गावाच्या नावातच 'ल' आहे. 'मालवण' लिहिताना तो परका दिसला तर मला फार लागतं.

कायद्याचं म्हणाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे. मराठी आधी, आणि इतर लिपीतलं अक्षर मराठीपेक्षा मोठं नको. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पण ताईंच्या आजेसासऱ्यांना कुणी सक्ती केली नव्हती, तरी तो उकार बघा कसा काढून घेतलाय.

आणि ती जुनी फळी पुन्हा रंगवू नका, हात जोडून सांगतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा, आत दुकानात लावा, नव्या पाटीसाठी तिच्यावर ट्रेसिंग कागद ठेवून वळणं उतरवून घ्या.

खारंवारं

फॅब्रिकेशनचं काम करतो, देवगड ते वेंगुर्ला. तुमच्या स्टीलच्या अक्षरांचं सांगतो.

बाजारात 'एसएस' म्हणजे स्टेनलेस स्टील म्हणून तीन गोष्टी खपतात. एक, साध्या लोखंडावर चकाकी दिलेली. तुम्हाला तीच मिळाली असणार. दुसरं ३०४ ग्रेड. घाटावर ते उत्तम, पण इथे समुद्रापासून काही पावलांवर त्याच्यावरही चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग पडतात. तिसरं ३१६. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. महाग आहे, आणि खरं सांगू का, एवढ्या छोट्या पाटीला स्टीलची अक्षरं लागतातच कशाला? स्टील लावायचंच तर खिळे, स्क्रू आणि ब्रॅकेट ३१६ चे घ्या. पाटी पडते ती अक्षरांमुळे पडत नाही, स्क्रू गंजून पडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीत साधा लोखंडी स्क्रू घातला तर दोन धातू आणि मिठाचं पाणी मिळून ती जागा आतून खाऊन टाकतात. मधे नायलॉनचा वॉशर हवाच.

पाटी भिंतीला चिकटवू नका. मागे बोटभर फट ठेवा, वारा खेळला की ओल बसत नाही.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं त्या दिवशी मी इथेच होतो. पत्रे आणि बोर्ड रस्त्यावरून सरपटत जात होते. दुसऱ्या दिवशी पडलेल्या फ्रेमा उचलल्या तर बहुतेकांचे वेल्ड शाबूत होते, भिंतीतले अँकर मात्र उपटून आलेले. जांभ्यात साधा प्लॅस्टिकचा गिट्टा धरत नाही. दगडाला आरपार बोल्ट घालून आतून पट्टी द्या, नाहीतर ब्रॅकेट लाकडी तुळईला बांधा.

लाकडाची पाटी करणार असाल तर जुना साग किंवा फणस. मागची बाजू आणि कडाही रंगवा, पाणी तिथूनच शिरतं.

गाळा नंबर पाच

मी त्याच पेठेत मोबाइल आणि रिचार्जचं दुकान चालवतो. माझी अडचण वेगळी आहे. बोर्ड मला एका कंपनीने फुकट दिलाय. त्यावर कंपनीचं नाव चार फूट, माझ्या दुकानाचं नाव कोपऱ्यात वीतभर. तो काढला तर त्यांचा माणूस नाराज होतो आणि माझी थोडी सवलत जाते. दुसरं म्हणजे गाळा भाड्याचा. भिंतीला चुना मी द्यायचा, आणि दोन वर्षांनी मालक म्हणाला सोडा, तर?

ठरलंय त्यात मला यायचंय. एकट्याचाच बोर्ड निळा भगभगीत राहिला तर मलाच वाईट वाटेल. पण खर्चाचा विचार करावा लागतो.

चाकरमानी

मुंबईहून लिहितोय, घर धुरीवाड्यात. कल्पना सुंदर आहे. माझं मत असं की आठही दुकानांनी एकच रंग, एकच माप, एकच टंक ठेवावा. नगरपरिषदेला विनंती करून सगळ्या पेठेला तेच करावं. शिस्त दिसेल, फोटो चांगले येतील.

आणि रात्री उजेड हवा. पेठ सात-साडेसातला अंधारते, पर्यटक तेव्हाच जेवायला बाहेर पडतात.

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. चिरेबंदीदादा, दोन गवंड्यांशी बोलले, दसऱ्यानंतरचे दिवस धरलेत.

चाकरमानी, एकसारख्या पाट्यांवर आमची बैठकीत बरीच चर्चा झाली आणि मी तुमच्याशी सहमत नाही. सोनाराची पाटी आणि सुक्या मासळीच्या दुकानाची पाटी एकाच साच्यातली असली की पेठ एखाद्या कार्यालयाच्या व्हरांड्यासारखी होते. शिवणकामवाल्या मुलीने तर सांगितलं की तिची पाटी ती कापडावर भरतकाम करून काचेआड लावणार. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की टंक ठरलाय? आम्ही फक्त तीन गोष्टी सारख्या ठेवतोय: आडव्या पाटीची जमिनीपासूनची उंची, तिचं जास्तीत जास्त माप, आणि दिव्याचा रंग. दिवे पिवळसर, तीन हजार केल्विनचे, पाटीवर वरून पडणारे. पांढऱ्या दिव्याला पावसाळ्यात किड्यांचा थवा येतो, पिवळ्याला कमी. पेटी आयपी ६५ ची घेतोय, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा दोन्ही अडतात.

गाळा नंबर पाच, तुमचा कंपनीचा बोर्ड आत काउंटरमागच्या भिंतीवर लावा, त्यांच्या माणसाशी बोलायला आम्ही दोघं-तिघं येतो. तुमच्या मालकांशी सासरे बोलले आहेत. भिंतीचा खर्च ते करणार, पाटी तुमची, आणि गाळा सोडलात तर पाटी सोबत न्यायची. लाकडी पाटीचा हा एक फायदा.

वेण्यावाल्या मावशींबद्दलही ठरलंय. त्या आमच्या ओट्याखाली बसतात, तिथेच बसतील. ओटा रुंद करायचा विचार होता तो रद्द केला, कारण त्यांची जागा जात होती. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे हे मला माहीत आहे, पण त्याआधीपासून घाटावरचीसारख्या कितीजणींना त्यांनीच आमच्या दुकानापर्यंत आणलंय.

भरडावरचो

माझो बापूस ह्याच पेठेत बोर्ड रंगवी. तेंका बघूनच मी मोठो झालंय, म्हणान दोन शब्द.

तुमी सगळे पाटयेचा बोलतास, पन पावसाचा कोन बोलना नाय. जून इलो की प्रत्येक दुकानाक निळी ताडपत्री बांधतत. ती बांदली की वरची पाटी गायब. चार म्हयने दिसाचीच नाय! आनी चतुर्थीक चाकरमानी येतत, सगळो धंदो तेव्हाच. बापूस म्हणी, गिऱ्हाईक छत्री घेवन येतला, तेची नजर कमरेच्या वर जावची नाय. म्हणान तो दाराच्या चौकटीक उभी पाटी लावी, छातीएवढ्या उंचीर. पयली माडाच्या चुडताची झाप बांधीत तेव्हासून तशीच पद्धत होती.

सुत्याक चुनो लावन फळीर रेघ मारी, आदी शिरोरेषा, मगे अक्षरां. घाई करी नाय.

चिरेबंदी

भरडावरचो, तुमच्या वडिलांनी जे पाहिलं ते आम्ही शिकलेली माणसं विसरलो. पावसाळी छप्पर हा दर्शनी भागाचाच हिस्सा आहे, तो आराखड्यात पहिल्यापासून धरायला हवा.

ताई, ताडपत्रीसाठी दर वर्षी भिंतीला नवे खिळे ठोकणं थांबवा. तुळईला कायमचे कडे बसवा, ३१६ चे, आणि कापडाला दुमडता येईल अशी चौकट करा. आठही दुकानांचा उतार सारखा ठेवलात तर एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या मानेवर पडणार नाहीत. रस्त्याच्या कडेला पन्हळ द्या आणि तिचं पाणी नळीने गटारात सोडा. झड पश्चिमेकडून येते, म्हणून तुमच्या बाजूच्या दुकानांना छप्पर थोडं खाली लागेल. आणि निळी ताडपत्री नको. निळ्या उजेडात मसाला काळपट दिसतो, कापडाचा रंग कळत नाही. मळकट पांढरी किंवा खाकी घ्या.

पागोळी

काम झालंय तेवढं कळवते.

भरडावरचो यांचा प्रतिसाद वाचून आराखडा बदलला. आता प्रत्येक दुकानाला दोन पाट्या: चौकटीला उभी आणि रस्त्याला आडवी. उभ्या पाट्या झाल्या. गावातल्या एका वयस्क पेंटरकाकांनी हातात घेतल्या, त्यांनी बऱ्याच वर्षांनी ब्रश धरला. फ्लेक्स आल्यापासून त्यांना फक्त गाड्यांचे नंबर रंगवायचं काम मिळत होतं. ट्रेसिंगवरून आमच्या जुन्या फळीचा उकार उतरवताना तीन वेळा पुसला, चौथ्यांदा जमला. त्यांच्या हाताखाली कॉलेजची दोन मुलं शिकायला बसतात.

आडव्या पाट्यांच्या उंचीचा प्रश्न पालखीमुळे होता. आम्ही देवळात जाऊन विचारलं, पालखीबरोबर जे उंच चालतं त्याचं माप एका बांबूवर खूण करून आणलं. तो बांबू उभा धरून दोघंजण पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. आमच्या आठांपैकी दोन ब्रॅकेट खाली आले होते, ते लगेच वर घेतले. पण आमच्या कामात नसलेल्या पाच दुकानांच्या जुन्या फ्रेमांनाही बांबू लागला. त्यातल्या तिघांनी स्वतःहून फ्रेमा काढल्या, आणि एक जण म्हणाला, आता काढलीच आहे तर मलाही पेंटरकाकांचा नंबर द्या.

चुन्याचा पहिला हात पूर्ण झाला, दुसरा शुक्रवारी. गाळा नंबर पाचची पाटी वाळायला आमच्या माडीवर ठेवलीय, हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं.

एक मदत हवी आहे. पेठेचे जुने फोटो कुणाकडे असतील, फळ्यांच्या दुकानांचे किंवा झाप बांधलेले, तर कृपया इथे टाका. चहावाल्याच्या गाळ्याची मूळ कमान गोल होती की चौकोनी यावर दोन म्हाताऱ्यांचं एकमत होत नाहीये, आणि सुतार सोमवारी येणार आहे.